बाराच्या घंटेनंतरचे ठिपके

फाटक, रविवार

वसई रोडचं रेल्वे फाटक बंद होतं. आमच्या जीपपुढे केळीच्या घडांनी भरलेला टेम्पो होता, मागे दुधाच्या बरण्या लटकवलेली सायकल. जीपच्या मागच्या बाकावर गोधडीत गुंडाळलेली एक पेटी होती आणि पेटीवर दामल्यांचा हात. मुंबईहून निघाल्यापासून त्यांनी तो उचलला नव्हता. घोडबंदरच्या पुलावर खड्डा आला तेव्हा दुसराही हात ठेवला.

सोनचाफ्याच्या पुड्या विकणारी एक बाई जीपपाशी आली. फुलं घेता का, असं ती विचारणार होती, पण गोधडी आणि गोधडीवरचा हात बघून थांबली. आवाज खाली आणून तिनं विचारलं, "कोन आजारी हाय?"

दामल्यांना काय उत्तर द्यावं सुचेना. तसं काही नाही, जपून न्यायचं आहे इतकंच, असं ते म्हणाले. बाईचा त्यावर विश्वास बसला नाही. तिनं चाफ्याची एक पुडी गोधडीच्या टोकाशी ठेवली आणि मागच्या गाडीकडे गेली.

पेटीत घड्याळ होतं. त्याला तबकडी नव्हती, काटे नव्हते, टिकटिकही नव्हती. रुबिडियम नावाच्या धातूची वाफ एका छोट्या काचपात्रात कोंडून, त्या अणूंचं जे अंगभूत स्पंदन असतं त्यावर ते चालत होतं. दामले ज्या संशोधन संस्थेत आहेत तिथे वेळमापनाचा एक लहानसा विभाग आहे. त्या विभागानं काही वर्षं खपून हे घड्याळ बांधलं होतं. ते बंद पडू न देता, बॅटरीवर चालतं ठेवून, वसईला न्यायचं होतं.

कारण आकाशात होतं. जहाजांना आणि विमानांना आपला ठावठिकाणा कळावा म्हणून परदेशातून काही उपग्रह सोडले गेले आहेत. त्या प्रत्येकात असंच एक अणुघड्याळ आहे. उपग्रह आपली वेळ सतत सांगत राहतो, आणि ती ऐकून जहाज स्वतःची जागा काढतं. सगळी भिस्त त्या घड्याळाच्या स्थिरतेवर. ते स्थिर आहे का, हे जमिनीवरच्या तितक्याच चांगल्या घड्याळाशी ताडून बघावं लागतं. ताडून बघण्यासाठी लागणारा, उपग्रहाचे संदेश पकडणारा रिसीव्हर परदेशातून उसना आला होता. त्याच्या मुदतीतले बरेचसे दिवस कस्टमच्या गोदामात गेले. आता एक आठवडा उरला होता. या आठवड्यात नोंदी नीट मिळाल्या तर आपल्या घड्याळानं आकाशातलं घड्याळ तपासता येतं हे सिद्ध होणार होतं. मिळाल्या नाहीत तर रिसीव्हर परत जाणार होता आणि विभाग बंद करण्याचा कागद, जो वरिष्ठांच्या टेबलावर तयार होता, त्यावर सही होणार होती. दामल्यांनी हे मला पुलाच्या अलीकडे सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

मी वृत्तपत्रासाठी बातमी करायला गेले होते. बातमी छापून आली. त्यात जे मावलं नाही ते इथे आहे.

वाडी, सोमवार

मुंबईत आकाश मोकळं नाही आणि हवेत रेडिओलहरींची गर्दी फार. म्हणून निर्मळच्या पुढे, समुद्राच्या बाजूला असलेल्या एका गावात पेद्रूमास्तरांचं घर ठरलं होतं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. दामल्यांच्या एका सहकाऱ्याला त्यांनी गणित शिकवलं होतं, एवढाच धागा. घर कौलारू, भोवती केळी, नारळ आणि पानवेलीचे मांडव. परसाच्या टोकाला बावखल होतं. वाडीच्या खोलगट भागात पावसाचं पाणी धरून ठेवणारं तळं, त्याला इथे बावखल म्हणतात. त्याच्या वर तेवढं आकाश उघडं होतं, बाकी सगळीकडे झावळ्या. साहजिकच अँटेना बावखलाच्या काठी बसली: तिपाईवर पालथ्या वाटीएवढी पांढरी टोपी. तिथून एक काळी वायर घराच्या मधल्या खोलीत गेली. त्या खोलीत घड्याळाची पेटी आणि रिसीव्हर.

शेजारच्या घरी नुकताच रंगीत टीव्ही आला होता. त्यामुळे पहिला प्रश्न अपेक्षितच होता: यावर रंगीत दिसतं का? यावर काहीच दिसत नाही, हे कळल्यावर शेजाऱ्यांनी दामल्यांकडे सहानुभूतीनं पाहिलं.

मास्तरांच्या पत्नी इजबेलबाई आमच्याशी शाळेतलं, मिस्सेतलं म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेतलं मराठी बोलत. मास्तरांशी त्या बोलत ती त्यांची घरची बोली, आणि तीत मला चार शब्दांतला एक कळे. दामले मासे खात नाहीत हे समजल्यावर त्यांनी केळफुलाची भाजी केली, वाल घालून, आणि तीही नव्या मातीच्या भांड्यात, कारण घरातल्या इतर सगळ्या भांड्यांत कधी ना कधी बोंबील शिजला होता. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला पहिल्या घासानंतर कसं झालंय असं विचारतात. इथे कुणी विचारत नाही. दुसरी भाकरी पानात पडते, तिसरी पडते, आणि हात आडवा धरला तर ती हातावर पडते.

उपग्रह दुपारी बाराच्या थोडा आधी क्षितिजावर यायचा आणि चारच्या पुढे मावळायचा. त्या वेळात मधल्या खोलीचं दार बंद. आत-बाहेर केलं की खोलीतली हवा बदलते आणि घड्याळ उष्णतेला फार हळवं असतं, म्हणून दामल्यांनी नियमच केला होता: उपग्रह वर असेतो कुणीही उठायचं नाही. रिसीव्हर आकडे देई, दामले त्यांचा हिशेब करून आलेखाच्या कागदावर एकेक ठिपका काढत. आकाशातलं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा किती पुढे, तो ठिपका. सोमवारचे ठिपके एका तिरप्या रेषेत पडले, ताणून धरलेल्या मण्यांच्या माळेसारखे.

रेषा तिरपी का, आडवी का नाही, असं मी विचारलं. उत्तर संध्याकाळी मास्तरांनी दिलं. त्यांच्या ओटीवरचं भिंतीचं घड्याळ शाळेच्या दिवसांपासून दहा मिनिटं पुढे आहे. "पण कायम दहाच," ते म्हणाले. "कधी नऊ नाही, कधी अकरा नाही. या घरात त्या घड्याळामुळे कधी कुणाची गाडी चुकली नाही. माझ्यामुळे चुकली." दामले म्हणाले, स्थिरता ती हीच; या घड्याळाची रेषा आडवी येईल, आमची तिरपी, पण दोन्ही सरळ. घड्याळ पुढे जाईना का, रोज सारखंच पुढे गेलं पाहिजे. लहरी असता कामा नये.

मग इजबेलबाईंनी विचारलं, हे सगळं कशासाठी.

त्यांचा मुलगा रॉबर्ट मालवाहू जहाजावर आहे. ओटीवर, क्रूसाच्या खाली, त्याचा पांढऱ्या गणवेशातला फोटो होता. शेवटची खुशाली आली तेव्हा जहाज आफ्रिकेच्या कुठल्याशा बंदरात होतं. त्यानंतर बरेच दिवस काही नव्हतं. दामल्यांनी समजावून सांगितलं: पुढे जहाजं अशा उपग्रहांवर वाट काढतील. त्यातलं घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं जरी चुकलं, तरी जहाजाला आपली जागा तीनशे मीटरनं चुकीची वाटेल. त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, घड्याळाला कशानं त्रास होतो?

"उन्हानं," दामले म्हणाले. "घड्याळाला ऊन लागता कामा नये."

एप्रिल संपत आला होता. एवढंच बोलणं झालं आणि आम्ही जेवायला बसलो.

बावखल, मंगळवार

सकाळी एक कोळीण माशांची पाटी घेऊन मागच्या दारी आली. तिपाईभोवती एक चक्कर मारून तिनं मास्तरांकडून सगळी माहिती काढून घेतली. उपग्रह रोज आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं आधी येतो, हे तिला सगळ्यात विशेष वाटलं.

"आमचं पानी रोज मागं मागं सरतंय," ती म्हणाली, म्हणजे भरती, "नि ह्याचं पुढं पुढं? मंग दोघांची गाठ कवा?"

दामले हसले. हा हिशेब करता येईल, असं म्हणाले. कोळीण म्हणाली, करा, तवर मी बोंबील विकते.

दुपारी बारा वाजता गावातल्या चर्चची घंटा झाली. गावात चर्चला देऊळच म्हणतात. घंटा झाली की हातातलं काम थांबतं, माणसं असतील तिथे उभी राहून प्रार्थना म्हणतात, मग काम पुढे चालू. पुण्याच्या माणसाला बाराचा भोंगा सवयीचा असतो. भोंग्यानं आम्ही घड्याळं लावतो आणि जेवायला उठतो; उभं कुणी राहत नाही.

घंटेपूर्वी आलेखावर मोजके ठिपके पडले होते, सोमवारच्या रेषेच्या सरळ पुढे. घंटेनंतर थोड्याच वेळात ठिपके फुटले. एक वर, एक खाली, मोहरी सांडावी तसे. दामल्यांनी जोडण्या हलवून पाहिल्या. घरात वीज होती, बॅटरी ठीक होती. त्यांनी दार न उघडताच आमच्या ड्रायव्हर मोहित्यांना हाक मारली आणि विचारलं, अँटेना जागेवर आहे का? मोहिते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आले.

"आहे की," ते दाराबाहेरून म्हणाले. "कुणी हलवलेली नाही."

ठिपके उपग्रह मावळेपर्यंत तसेच राहिले. संध्याकाळी दामले स्वतः बावखलाशी गेले. तिपाई, टोपी, वायर, सगळं सकाळसारखं. जवळच्या दोरीवर दोन-तीन गोणपाटं वाळत होती. पाण्यात पाय सोडून मास्तर बसले होते. काय झालं, असं त्यांनी विचारलं. दामले म्हणाले, दोघांपैकी एक घड्याळ आजारी आहे. वरचं असेल तर ती मोठी बातमी. पण वरचं असण्याची शक्यता कमी.

मधली खोली, बुधवार

बुधवारीही तेच झालं. घंटेआधी चांगले ठिपके, मंगळवारपेक्षा दोन-तीन जास्तच. मग प्रार्थनेइतका अवकाश, आणि मग मोहरी.

उपग्रह मावळल्यावर दामल्यांनी गोधडी काढून पेटी उघडली नाही, पण हाताचा तळवा तिच्यावर बराच वेळ ठेवला. दुपारी कौलं तापतात आणि खोली भट्टी होते, हे खरं होतं. आपलं घड्याळ उष्णता सोसत नाही, असा अर्थ निघत होता. तो अर्थ काढायला वरिष्ठांना फार वेळ लागला नसता. आलेख त्यांनी नीट गुंडाळला, सवयीनं त्याला रबर लावलं आणि बाहेर येऊन ओट्यावर बसले.

इजबेलबाईंनी त्यांच्यापुढे सुकेळी ठेवली. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, वाळल्या पानात बांधून ठेवतात, ती. हिवाळ्यात केलेली अजून मऊ होती, खजुरासारखी, आणि जिभेवर मधाची चव रेंगाळे. दामल्यांनी एक खाल्लं. चव चांगली आहे असं ते म्हणाले, आणि नंतर थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना, म्हणाले की या घड्याळाचं काचपात्र करताना सहा पात्रं फुटली होती, सातवं टिकलं. ते भरलं त्या दिवशी विभागात कुणीही घरी जायला तयार नव्हतं.

इजबेलबाईंनी विचारलं, "त्याला अजून ऊन लागतंय का?"

"लागतंय बहुतेक," दामले म्हणाले.

इजबेलबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी सुकेळीची परडी पुन्हा पुढे सरकवली.

बावखल, गुरुवार

मास्तर सकाळी आलेख बघायला आले. गणिताच्या शिक्षकाला शोभेल अशा सावकाशीनं त्यांनी तो पाहिला आणि मग वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाची फिरकी घ्यावी तशा सुरात म्हणाले, "दामले, तुमचं आकाशातलं घड्याळ कॅथलिक दिसतंय. देवळाची घंटा झाल्याबरोबर थरथरायला लागतं."

दामले हसता हसता थांबले. त्यांनी कागद ओढून घेतला. उपग्रह रोज चार मिनिटं आधी उगवत होता. दोष उपग्रहात असता तर गोंधळही रोज तितकाच आधी सरकला असता. तो सरकला नव्हता. रोज घंटेपाशीच सुरू होत होता, म्हणून तर आधीचे चांगले ठिपके रोज थोडे वाढत होते. आणि दोष खोलीतल्या उष्णतेचा असता तर तो हळूहळू चढला असता, असा ठोका पडल्यासारखा आला नसता.

"वरच्याला इथली घंटा ऐकू येत नाही," ते म्हणाले. "आमच्या पेटीलाही येत नाही. घंटा ऐकू येते माणसांना."

बाराला काही मिनिटं कमी असताना त्यांनी स्वतःचा नियम मोडला. दार उघडून ते बाहेर पडले, मागून मी. घंटा झाली. परसात, केळीच्या रांगेपाशी, इजबेलबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी प्रार्थना पुरी केली, क्रूसाची खूण केली, बावखलाच्या पायरीवर उतरून पाण्यात भिजत घातलेलं गोणपाट उचललं आणि पिळून घेतलं. मग तिपाईपाशी जाऊन त्यांनी ते त्या पांढऱ्या टोपीवर घातलं. चारी बाजूंनी नीट खोचलं. एका बाजूनं ते घसरत होतं, तर पदराची पिन काढून तिथे लावली.

या वाडीतून विड्याची पानं लांबच्या बाजारांना जातात. करंड्या भरून झाल्या की गाडी येईपर्यंत त्यांवर ओलं गोणपाट असतं. नव्यानं लावलेल्या वेलीला असतं. पिण्याच्या पाण्याच्या मडक्याला असतं. जे कोमेजू नये आणि ज्याला लांब जायचं आहे, त्यावर ओलं गोणपाट घालायचं, हे या घरात शिकवावं लागत नाही.

लहरींच्या दृष्टीनं ओलं गोणपाट म्हणजे पाण्याची भिंत. उपग्रहाचा आवाज इथे पोचेपर्यंत मुळातच क्षीण झालेला असतो. तो त्या भिंतीतून कण्हत आत येत होता. मोहित्यांनी मंगळवारी ते पाहिलं होतं, पण आतली पेटी गोधडीत, तशी बाहेरची वाटी गोणपाटात, यात त्यांना वावगं काही वाटलं नव्हतं. अँटेना जागेवर आहे का एवढंच विचारलं गेलं होतं आणि ती जागेवर होती.

दामले तिथेच उभे राहिले. त्यांनी हाक मारली नाही. इजबेलबाई वळल्या तेव्हा त्यांना वाटलं, गोणपाट नीट बसलं आहे की नाही हे बघायला आम्ही आलो आहोत.

"आज दुसरं गोणपाटही भिजवलंय," त्या म्हणाल्या. "काल एक पुरलं नाही ना. तुम्ही म्हणालात, अजून लागतंय ऊन."

दामल्यांनी विचारलं, रोज घालता का.

"मंगळवारपासून. ऊन उतरलं की काढते. सगळे सावलीत, आणि ज्याच्यावर पोरं घरी यायची, ते एवढंसं उन्हात बसलेलं. बघवलं नाही."

घड्याळ आत आहे हे दामल्यांनी सांगायचं टाळलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. पण त्यांनी सांगितलं. सावकाश, जसं आजाऱ्याच्या घरच्यांना सांगतात तसं.

"बाई, हे घड्याळ नाही. हा नुसता कान आहे. कानाला ऊन लागलं तरी चालतं. कान झाकला की मात्र ऐकू येत नाही."

त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग घाईनं पिन काढायला गेल्या, ती बोटाला लागली. दामल्यांनी पुढे होऊन गोणपाट उचललं. पाणी त्यांच्या बुटांवर ठिबकत राहिलं.

"म्हणजे माझ्यामुळे दोन दिवस गेले," इजबेलबाई म्हणाल्या. "मास्तर म्हणत होते, तुमचं काम बंद होईल."

"चला, आत बघू," दामले म्हणाले.

मधल्या खोलीचं दार त्या दिवशी पहिल्यांदा सताड उघडं राहिलं. इजबेलबाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, आत यायला धजेनात. मास्तर आणि मोहिते त्यांच्या मागे. दामल्यांनी आलेख टेबलावर पसरला. सोमवारच्या रेषेवर लाकडी पट्टी ठेवली आणि पेन्सिलीनं ती रेषा पुढे ओढली: मंगळवारच्या मोहरीतून, बुधवारच्या मोहरीतून, गुरुवारच्या घंटेनंतरच्या कोऱ्या जागेपर्यंत. रिसीव्हरनं पुन्हा नीट आकडे द्यायला सुरुवात केली होती. दामल्यांनी हिशेब केला. एरवी तो ते तोंडी करत; या वेळी कागदावर केला आणि पुन्हा तपासला. मग ठिपका काढला.

ठिपका पेन्सिलीच्या रेषेवर पडला. दुसरा तिच्याच पुढे. तिसरा.

दामल्यांनी इजबेलबाईंना जवळ बोलावलं. त्या आल्या, वाकून बघू लागल्या. पट्टी, रेषा, ठिपके. बराच वेळ बघून त्यांनी मोहरी सांडलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"या दिवसांत ते कुठं होतं?"

"चालत होतं," दामले म्हणाले. "दोन्ही चालत होती, आपापल्या चालीनं. आपल्याला ऐकू येत नव्हतं, एवढंच."

इजबेलबाईंनी बोट उचललं नाही. रेषेवरून ते हळूहळू सरकत पुढच्या ठिपक्यापर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. मास्तर ओटीवर निघून गेले. मी दारातून पाहिलं तेव्हा ते भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होते, किल्ली द्यायचा वार गुरुवार नसतानाही.

थोड्या वेळानं दामल्यांनी विचारलं, ते गोणपाट कुठे आहे. ही खोली खरंच तापते, खिडकीवर टांगलं तर बरं होईल. इजबेलबाईंनी दोन्ही आणली. एक मोहित्यांनी खिडकीला बांधलं, दुसरं दाराला. संध्याकाळपर्यंत त्या दर तासाला येऊन त्यावर पाणी शिंपडत होत्या.

ओटी, शनिवार

शुक्रवार आणि शनिवारचे ठिपके सोमवारपेक्षाही सरळ पडले. गोणपाटाच्या गारव्याचा त्यात वाटा होता, हे दामल्यांनी स्वतः मोजून पाहिलं. अहवालात मधल्या दिवसांचं कारण काय लिहायचं, हा प्रश्न होता. परक्या रिसीव्हरवर ते ढकलणं सोपं होतं आणि कुणी विचारलंही नसतं. दामल्यांनी लिहिलं: अँटेनावर ओलं आच्छादन. कुणी घातलं ते लिहिलं नाही. पुढे आणखी एक वाक्य होतं, संवाद तुटलेला असतानाही दोन्ही घड्याळांनी आपली चाल सोडली नाही, आणि याहून चांगली परीक्षा मुद्दाम ठरवूनही घेता आली नसती.

शेवटच्या संध्याकाळी जेवणानंतर दामल्यांनी इजबेलबाईंना एक गोष्ट सांगितली. ती सांगायची की नाही यावर ते दिवसभर घुटमळत होते, असं मला वाटतं. रॉबर्टचं जहाज या उपग्रहांवर चालत नाही. ते अजून ताऱ्यांवर, नकाशावर आणि जुन्या यंत्रांवर चालतं. हे उपग्रह सगळ्या जहाजांना उपयोगी पडायला अजून काही वर्षं जातील.

इजबेलबाई भांडी आवरत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलंही नाही.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मास्तरांनी सोमवारीच सांगितलं होतं."

"मग?"

"त्याचं नसेल. कुणाच्या तरी पोराचं असेल ना."

फाटक, रविवार

मिस्सा आटोपल्यावर आम्ही निघालो. इजबेलबाईंनी सुकेळीची दोन पुडकी दिली आणि विड्याच्या पानांची एक लहान करंडी, अर्थातच ओल्या गोणपाटाखाली. ती पेटीजवळ ठेवू नका, ओल लागेल, हे त्यांनीच मोहित्यांना बजावलं. मास्तरांनी हात जोडले. उमेळे गावाच्या बाजूला वाड्यांच्या मधोमध दोन नव्या इमारतींचे खांब उभे राहिले होते, त्यांच्यावर माणसं चढलेली दिसत होती.

विभाग चालू आहे. रिसीव्हर वेळेत परत गेला, तयार कागदावर सही झाली नाही, आणि पुढच्या वर्षी नवा रिसीव्हर मागवायचं ठरलं आहे. रॉबर्टची खुशाली जूनमध्ये आली. जहाज दुरुस्तीसाठी एका बंदरात अडकून पडलं होतं. मास्तरांनी हे मला कळवलं, एका ओळीत, तारीख आणि वारासकट.

पण फाटकाशी हे काही अजून माहीत नव्हतं. फाटक पुन्हा बंद होतं. चाफ्याच्या पुड्या घेऊन तीच बाई गाड्यांमधून येत होती. तिनं जीप ओळखली, आत डोकावली. गोधडी तिथेच होती आणि गोधडीवर हातही.

"आता कसं हाय?" तिनं विचारलं.

या वेळी दामल्यांना उत्तर सुचलं.

"बरं आहे," ते म्हणाले. "घरी नेतोय."